क्लॉकचं दुसरं कार्ड घ्यावं का? एम१६०, टी६४० आणि सिस्को १२०१२

जुना कोअर राउटर (मोठ्या नेटवर्कच्या मध्यभागी ट्रॅफिक हलवणारा) घ्यायला निघालात की विकणारा छातीठोकपणे सांगतो, 'सगळं रिडंडंट आहे', म्हणजे प्रत्येक भागाला राखीव जोडीदार आहे. पॉवर सप्लायच्या बाबतीत ते खरं असतं. एक गेला तर दुसरा भार उचलतो आणि ट्रॅफिकला पत्ताही लागत नाही. क्लॉकच्या कार्डाबद्दल, म्हणजे बाकीच्या भागांना कामाचा ठोका देणाऱ्या कार्डाबद्दल, मात्र आधी विचारा: हा क्लॉक नेमका कोणाला लागतो, आणि मास्टर (चालू कार्ड) जाऊन बॅकअप (राखीव) त्याच्या जागी येताना ट्रॅफिकचं काय होतं?

ज्युनिपर एम१६० मध्ये मागच्या बाजूला पीसीजी नावाची दोन क्लॉक कार्डं असतात. पॅकेट फॉरवर्डिंग इंजिनमधल्या, म्हणजे डेटा पुढे पाठवणाऱ्या भागातल्या चिप चालतात त्या यांच्या १२५ मेगाहर्ट्झ सिग्नलवर. बॅकअप पीसीजी चालू राउटरमधून काढलं तरी काही बिघडत नाही. मास्टर गेलं तर बॅकअप आपोआप ताबा घेतं खरं, पण त्यासाठी एफपीसी (पोर्ट बसवलेली कार्डं) आणि एसएफएम (त्यांच्यात डेटा फिरवणारी कार्डं) बंद होऊन नव्याने चालू होतात आणि तोवर फॉरवर्डिंग ठप्प. यात ज्युनिपरचा दोष काढण्यात अर्थ नाही. चालत्या चिपचा ठोका मध्येच चुकला की तिच्यातल्या डेटाचा भरवसा उरत नाही, म्हणून सगळं पुन्हा उठवणंच बरं. म्हणजे दुसऱ्या पीसीजीमुळे खंड टळत नाही, कार्ड बदलायला रात्री-अपरात्री धावत जाणं टळतं. राउटर दूरच्या एखाद्या साइटवर बसणार असेल तर एवढ्यासाठीही ते घ्यावंच. लॅबसाठी एक पुरे.

ज्युनिपरच्याच टी६४० च्या मागच्या बाजूलाही दोन क्लॉक कार्डं दिसतात, आणि नावंही सारखीच वाटतात, म्हणून गल्लत होते. ही एससीजी. त्यांचं काम वेगळं: सोनेट-एसडीएच (टेलिकॉम कंपन्यांच्या फायबर लाइनची पद्धत) इंटरफेसना १९.४४ मेगाहर्ट्झचा स्ट्रॅटम ३ (क्लॉकच्या अचूकतेचा एक दर्जा) संदर्भ पुरवणं. या आकड्याची आठपट केली की १५५.५२ येतात, म्हणजे थेट एसटीएम-१ चा, एसडीएचच्या पायाभूत लाइनचा, मेगाबिटमधला वेग. स्ट्रॅटम ३ म्हणजे बाहेरचा संदर्भ नसतानाही दहा लाखांत ४.६ पेक्षा जास्त चूक नाही. इथरनेटला दहा लाखांत १०० पर्यंतचा फरक चालतो. त्यामुळे तुमच्याकडे एसडीएच लाइन असेल तर दुसऱ्या एससीजीवर खुशाल खर्च करा. सगळे पोर्ट गिगाबिट इथरनेटचे असतील तर तेच पैसे जादा एसआयबीवर (टी६४० च्या स्विच फॅब्रिकच्या कार्डावर) घाला. (एम१६० मध्येही १९.४४ चा संदर्भ असतो, पण तो एमसीएस नावाच्या वेगळ्या नियंत्रण कार्डावरून येतो. पीसीजी तपासून एसडीएचची खात्री झाली असं समजू नका.)

सिस्को १२०१२ ची रचना मला तिन्हींत सगळ्यात आवडते. इथे क्लॉकसाठी वेगळं कार्ड नाही. क्लॉक, शेड्युलर (कोणी कधी डेटा पाठवायचा ते ठरवणारा) आणि स्विच फॅब्रिकचा (लाइन कार्डांना, म्हणजे पोर्टच्या कार्डांना, आपसात जोडणाऱ्या जाळ्याचा) एक हिस्सा, हे सगळं एकाच सीएससी कार्डावर. एका सीएससीवर राउटर चालतो, पण पाव बँडविड्थवर. त्याला तीन एसएफसी (फक्त फॅब्रिकची कार्डं) जोडली की पूर्ण बँडविड्थ मिळते. दुसरं सीएससी टाकलं की पाच कार्डं होतात: चार कार्डांवरून डेटाचे तुकडे जातात आणि पाचव्यावरून त्या चारांचा एक्सॉर, म्हणजे चारही तुकड्यांवरून काढलेली पडताळणीची बेरीज. पाचांतलं कुठलंही एक गेलं तरी हरवलेला तुकडा उरलेल्या चारांवरून पुन्हा बांधता येतो. म्हणजे एकाच खरेदीत राखीव क्लॉकही येतो आणि राखीव फॅब्रिकही. मात्र गेलेलं कार्ड मास्टर सीएससी असेल तर क्लॉक, शेड्युलर आणि फॅब्रिक तिन्ही एकदम जातात, आणि लाइन कार्डांना नव्या मास्टरशी जुळवून घ्यावं लागतं.

लॅबसाठी मी १२०१२ घेईन, दोन्ही सीएससींसकट. एम१६० ला उणे ४८ व्होल्ट डीसी लागतो, आणि तो प्रत्येकाकडे नसतो. एसडीएच सांभाळायचं असेल तर टी६४०.

घेण्याआधी मशीन चालू करायला लावा. ज्युनिपरवर 'शो चेसिस एन्व्हायर्नमेंट', सिस्कोवर 'शो कंट्रोलर्स क्लॉक'. मग मास्टर कार्ड तुमच्यासमोर ऑफलाइन करायला सांगा आणि पिंग (राउटरमधून पलीकडे सतत पाठवलेली चाचणी) किती वेळ बंद राहतो ते मोजा. विकणारा टाळाटाळ करायला लागला तर दुसऱ्या कार्डाचे पैसे देऊ नका.