बायकांचं हार्ट चेकअप, पण पाळी कधी गेली हे विचारतच नाहीत

माझी पाळी ४२व्या वर्षीच गेली, म्हणून मुद्दाम 'खास महिलांसाठी' लिहिलेलं हार्ट चेकअपचं पॅकेज घेतलं. ईसीजी, बीपी, शुगर, लिपिड सगळं तासाभरात उरकलं, रक्त काढणाऱ्या ताईंचा हात तर इतका हलका की सुई कळलीच नाही. पण फॉर्मवर पाळीबद्दल एकच रकाना, चालू की बंद, मी शेजारी पेनाने ४२ लिहिलं तर काउंटरवरच्या मुलीने ते टाइपच केलं नाही, म्हणे कॉम्प्युटरमध्ये त्याला जागा नाही! अगं बाई तोच तर मुद्दा आहे ना, ४५च्या आत पाळी गेली की हृदयविकाराचा धोका वाढतो, ४०च्या आत गेली तर आणखीच, इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचा आधार लवकर सुटतो आणि पाळी जायच्या सुमारास एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वर सरकायला लागतं. माझं १४८ आलं तरी खाली छापील शेरा, 'वयानुसार ठीक'. तोच रिपोर्ट घेऊन नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे गेले तर त्यांचा पहिला प्रश्न, पाळी कितव्या वर्षी गेली, आपोआप की ऑपरेशनने अंडाशय काढल्यामुळे? तपासण्यांना चार स्टार, सल्ल्याला एक, तोही त्या सुईवाल्या ताईंमुळे.