जँगो डीबग टूलबार: संथ क्वेरी पकडणारे साधन

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमधले पान रेंगाळू लागले की आपण आधी सर्व्हरला दोष देतो. डीबग टूलबार ही पानाच्या कडेला दिसणारी तपासणीची पट्टी; तिचे एसक्यूएल पॅनल, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची (क्वेरींची) यादी, उघडले की खरे दुखणे समोर येते. आमच्या यादीत 50 ऑर्डर होत्या आणि टेम्प्लेट (पानाचा साचा) प्रत्येक ओळीत ग्राहकाचे नाव छापत होते, त्यामुळे यादीची एक आणि ग्राहकांच्या 50 अशा 51 क्वेरी डेटाबेसकडे जात होत्या. पॅनलने त्या एकसारख्या असल्याचे दाखवलेच, शिवाय कोडच्या कोणत्या ओळीतून निघाल्या तेही सांगितले. संबंधित नोंद सोबतच आणणारे सिलेक्ट-रिलेटेड लावताच दोन टेबलांचा जॉइन (जोड) होऊन एकच क्वेरी उरली. ऑर्डरमधील वस्तूंसाठी मात्र संबंधित नोंदी वेगळ्या क्वेरीने एकदम आणणारे प्रीफेच-रिलेटेडच हवे, कारण तिथे एकाला अनेक असे नाते असते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते डेटाबेस क्वेरी कशी चालवतो हे दाखवणारे एक्स्प्लेनचे बटण. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसल्याने पोस्टग्रेस हा डेटाबेस अख्खे टेबल चाळत आहे, हे त्यानेच लक्षात आणून दिले.

उणीव एवढीच, की पानाऐवजी जेसन स्वरूपात नुसती विदा देणाऱ्या एपीआयवर (प्रोग्रामसाठीच्या दुव्यावर) ही पट्टी उमटत नाही आणि आधीच्या विनंत्या दाखवणाऱ्या हिस्टरी पॅनलमधून शोधाशोध करावी लागते. आपल्या संगणकावर विदा तुटपुंजी असेल तर वेळेचे आकडेही फसवे निघतात, म्हणून मी आधी क्वेरींची संख्या पाहतो.