मोटुल फोर्क ऑइल एक्स्पर्ट: 'टेन' मागायचं की 'फाइव्ह'?

फोर्क ऑइल म्हणजे गाडीच्या पुढच्या शॉकअपमधलं तेल. मोटुल कंपनीच्या फोर्क ऑइल एक्स्पर्टमध्ये ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू अशा चार बाटल्या येतात. दुकानात शॉकअपचं ऑइल मागितलं की 'टेन देऊ का?' एवढाच प्रश्न येतो. पण हा 'टेन' नेमका किती घट्ट, हे शॉकअपच्या तेलात प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. तुलना करायची तर सेंटिस्टोक, म्हणजे तेलाचा घट्टपणा मोजायचं एकक, बघा, तोही ४० अंश सेल्सिअसला मोजलेला. कंपनीच्या डेटा शीटमध्ये तो मिळतो.

एक्स्पर्टचे आकडे अंदाजे असे: ५डब्ल्यू १८, १०डब्ल्यू ३६, १५डब्ल्यू ५७, २०डब्ल्यू ७८. आता सिल्कोलीन या दुसऱ्या कंपनीचं प्रो आरएसएफ बघा. त्याचं १०डब्ल्यू ४७ च्या घरात जातं, ५डब्ल्यू २७ च्या जवळ. म्हणजे मोटुलचं टेन काढून सिल्कोलीनचं टेन भरलं तर तेल ३० टक्के जाड झालं. मग गाडी पुढून कडक लागते आणि बोल नव्या ऑइल सीलला बसतो.

एक्स्पर्ट आम्हाला पसंत आहे ते याच कारणाने: पायऱ्या स्पष्ट आहेत, आणि एकाच मालिकेतली दोन तेलं मिसळून मधला घट्टपणा साधता येतो. ५ आणि १० अर्धं-अर्धं घेतलं की साधारण २५-२६ सेंटिस्टोक मिळतात. हिशेबाने २७ यायला हवेत असं वाटेल, पण मिश्रण नेहमी पातळ तेलाकडे झुकतं. दोन वेगळ्या कंपन्यांची तेलं मात्र मिसळू नका.

कुठल्या गाडीला काय? आधी मॅन्युअल. रोजच्या वापरातल्या बहुतेक गाड्यांचा पुढचा शॉकअप साधा असतो: आत एक डॅम्पर रॉड, त्याला ठरलेली भोकं, तेल त्यातून ये-जा करतं. भोकं बदलत नाहीत, म्हणून तेल जाड केलं की दाबताना आणि परतताना दोन्हीकडे विरोध वाढतो. स्पीडब्रेकरनंतर गाडीचं डोलणं थांबतं, पण धारदार खड्ड्यात तेलाला निघायला वेळच मिळत नाही आणि दणका थेट मनगटात येतो. अशा शॉकअपला ३६ च्या आसपासचं तेल बहुतेकदा जमतं. डबलसीट बसल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर पुढचं टोक फार खाली जातं म्हणून २०डब्ल्यू भरण्यात अर्थ नाही. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. तेल फक्त हालचालीचा वेग आवरतं. स्प्रिंग बसली असेल तर स्प्रिंगच बदला.

कार्ट्रिज, म्हणजे साध्या भोकांऐवजी झडपांचा वेगळा संच, असलेल्या शॉकअपचा मामला वेगळा. त्या झडपांवरचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, पातळ तेलाच्या हिशेबाने बसवलेले असतात. केटीएम ३९० ड्यूकला एसएई ४ तेल सांगितलंय. तिथे टेन घालणं म्हणजे पैसे देऊन सस्पेन्शन बिघडवणं.

काही गॅरेजांत डब्यात उरलेलं ट्वेंटी-फोर्टी इंजिन ऑइल शॉकअपमध्ये जातं. ते ४० अंशांना शंभर सेंटिस्टोकच्या वर असतं. त्यातला 'ट्वेंटी' थंडीतल्या मोजणीचा, त्याचा फोर्क ऑइलच्या ट्वेंटीशी संबंध नाही.

तेल बरोबर निवडून पातळी चुकली तरी काम फसतं. नुसतं ड्रेन केलं तर आत थोडं जुनं तेल राहतंच, आणि खोलून धुतलेल्या शॉकअपला जास्त तेल लागतं. म्हणून मिलिलिटरच्या आकड्यावर थांबू नका, वरून खोली मोजा. गाडी इंजिनखाली नीट टेकवून पुढचं चाक उचला. शॉकअपचे पाइप वर धरून ठेवणाऱ्या टीचा क्लॅम्प सैल करून पाइपच्या तोंडाचा कॅप-बोल्ट पाइप गाडीवर असतानाच थोडा सैल करून ठेवा, नंतर पकडायला काही मिळत नाही. मग पाइप काढून घ्या; बोल्ट पूर्ण उघडताना हात वरून दाबून ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली असते. जुनं तेल ओतून टाकताना पाइप दहा-पंधरा वेळा वर-खाली करा, नवं भरल्यावर पुन्हा तसंच करा म्हणजे अडकलेली हवा निघेल. मग स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण दाबलेला आणि उभा, अशा स्थितीत पाइपच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजा. मेडिकलमधली ५० मिलिलिटरची सिरिंज आणि सलाइनची नळी पुरते: मॅन्युअलमधल्या खोलीवर नळीला चिकटपट्टीची खूण करा, खूण काठावर धरून जास्तीचं तेल ओढून घ्या.

पाइपमध्ये तेलाच्या वर राहिलेली हवा दुसऱ्या स्प्रिंगसारखी काम करते. आतला व्यास ३७ मिमी असेल तर १० मिमी पातळी म्हणजे जेमतेम ११ मिलिलिटर, पण शेवटच्या टप्प्यात फरक चांगलाच जाणवतो. तेल जास्त झालं तर शॉकअप पूर्ण दबतच नाही आणि सीलवर दाब येऊन ते गळू लागतं. कमी झालं तर खड्ड्यात तळाला ठोकतो, तेलाला फेस येतो आणि डॅम्पिंग, म्हणजे हालचाल आवरण्याची ताकद, विरतं. दोन्ही पायांची, म्हणजे शॉकअपच्या डाव्या-उजव्या पाइपांची, पातळी सारखी हवी.

एक लिटरची बाटली साध्या गाडीला दोन्ही पायांत मिळून भरते आणि वर उरते. उरलेलीचं झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात आत ओल जाते. भरल्यावर पाइपला झिप टाय बांधून नेहमीच्या खराब रस्त्यावर फिरून या. शॉकअप दबताना टाय सरकतो; तो पूर्ण दबण्याच्या टोकाच्या बोटभर आधी थांबला तर पातळी ठीक. टोकाला पार टेकला तर आणखी ५ मिलिलिटर घाला, दोन्हीकडे.