घोडबंदर रोडचा वीगन डबा: जेवण मागवावं असं, पत्रक मात्र बदलायला हवं

ठाण्यात मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत दुपारी साडेबारा-एकला पोचणारा हा डबा. दूध, दही, तूप, मध यातलं काहीच त्यात नसतं. किंमत १८० रुपये, आदल्या रात्री नऊच्या आत कळवायचं. चार पुडांचा स्टीलचा डबा येतो आणि दुसऱ्या दिवशी रिकामा परत जातो. तीन पोळ्या किंवा दोन भाकऱ्या, उसळ, पालेभाजी, आमटी-भात, कोशिंबीर आणि लिंबाची फोड.

यातलं सगळ्यात चांगलं काय, तर बिरडं. कडवे वाल रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून चांगले लांब मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे, हे काम वेळखाऊ असल्यामुळे बहुतेक डबेवाले सालासकट उसळ करून मोकळे होतात. इथे डाळिंब्या सोललेल्या असतात आणि अख्ख्या असतात. म्हणजे झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवलेल्या आणि डावाने न ढवळता भांडं हलवून सारख्या केलेल्या. आमसूल आणि गूळ शिजल्यावरच पडतो, हेही जाणवतं. आंबट आधी घातलं तर डाळिंब्या कितीही उकळल्या तरी कडक राहतात. शेवटी नारळाचं दूध. या पदार्थात दुधातुपाची जागा कधी नव्हतीच. काळ्या वाटाण्याचं सांबारं, पिठलं, भरली वांगी, खरडा यांचंही तसंच. हे स्वयंपाकघर आपल्याच पदार्थांवर उभं राहतं तेव्हा त्याला तोड नाही.

नकलेवर गेलं की घसरतं. टोफूची 'पनीर मसाला' ही भाजी मागवू नये. टोफू दाबून पाणी न काढता सरळ रश्श्यात टाकलेला असतो, त्यामुळे तुकडा चावला की आत फिकं पाणी लागतं. अर्धा तास वजनाखाली ठेवायचा, मग पंधरा मिनिटं कडकडीत मिठाच्या पाण्यात आणि नंतर तव्यावर तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतायचा, एवढं केलं तरी भाजी सुधारेल. सोयावडीचा खिमा मात्र उत्तम. गरम पाण्यात भिजवून, दोन-तीनदा पिळून, पाणी बदलून घेतल्याशिवाय सोयाचा उग्र वास जात नाही, आणि इथे तो अजिबात येत नाही.

कोशिंबिरीसाठी शेंगदाण्याचं दही लावतात. भिजवलेले शेंगदाणे तिप्पट पाण्यात वाटून, गाळून, ढवळत उकळायचे आणि कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीचे देठ घालून विरजण लावायचं. ठाण्याच्या दमट हवेत आठ-दहा तासांत ते लागतं. चव छान आहे, पण मीठ सकाळीच घातल्याने काकडीला पाणी सुटतं आणि एक वाजेपर्यंत कोशिंबीर पातळ आणि आंबट होते. मीठ वेगळ्या पुडीत दिलं की हा प्रश्न संपला.

आता प्रथिनांचा हिशेब. ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं प्रमाण आहे. तीन पोळ्यांची ९० ग्रॅम कणीक म्हणजे साधारण १० ग्रॅम. ४० ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ ९ ग्रॅम. आमटी आणि भात मिळून ६. एकूण २५ च्या आसपास, म्हणजे दिवसाची निम्मी गरज एका जेवणात भागते. शिवाय धान्यात कमी असलेला लायसीन हा प्रथिनांचा घटक डाळीतून मिळतो आणि डाळीत कमी असलेला मेथिओनीन हा घटक धान्यातून, त्यामुळे प्रतही नीट राहते. अडचण शुक्रवारची. त्या दिवशी उसळीऐवजी कच्च्या फणसाचं 'मटण' असतं. मसाला झणझणीत, रेषाही मांसासारख्या, पण फणसाच्या वाटीत जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिनं. सगळा डबा १८ वर येतो. फणस ही भाजी आहे, ती उसळीच्या जागी चालत नाही.

कॅल्शियमचा विचार केलेला दिसतो. आठवड्यातून दोनदा नाचणीच्या भाकऱ्या असतात. दोन भाकऱ्यांना ८०-९० ग्रॅम पीठ धरलं तर साधारण ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, प्रौढ माणसाची दिवसाची गरज १००० ची. तिळाची चटणी पॉलिश न केलेल्या तिळाची हवी. सालं काढलेल्या पांढऱ्या तिळात कॅल्शियम बरंच कमी होतं. लिंबाची फोड पालेभाजीवर पिळावी, त्याने लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह अडतं, तासभर थांबलेलं बरं. ग्लुटेन टाळणाऱ्यांनी हिंगाबद्दल विचारून घ्यावं, बाजारच्या बांधानी (पीठ-डिंक मिसळलेल्या) हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

डब्याच्या झाकणाखाली एक पत्रक येतं, आणि माझी खरी तक्रार त्याबद्दल आहे.

त्यात लिहिलंय की मोडाचे मूग आणि स्पिरुलिना (निळं-हिरवं शेवाळ) खाल्लं की बी-१२ जीवनसत्त्व मिळतं. हे खोटं आहे आणि धोक्याचं आहे. बी-१२ जिवाणू तयार करतात. मुगात ते नसतं, आणि स्पिरुलिनात आढळणारं रूप माणसाच्या शरीराला बहुतांशी उपयोगी पडत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून वीगन झालेल्या माणसाला सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, विसरायला होतं. पालेभाज्यांतून फोलेट हे जीवनसत्त्व भरपूर मिळत असल्याने रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही आपल्याकडे ही कमतरता सर्रास आढळते. रोज वीगनच जेवणाऱ्याने बी-१२ ची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यायलाच हवी.

'मांस म्हणजे सिगारेट' हेही असंच. आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने) २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज ५० ग्रॅम सॉसेज-सलामीसारखं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. गंभीर आहे, पण सिगारेटच्या जवळपासही नाही. आणि मासळी २०१५ च्या त्या मूल्यमापनात नव्हतीच.

वाईट याचं वाटतं की याच पत्रकात एक परिच्छेद पूर्ण खरा आहे. तबेल्यात नर रेडकाला किंमत नसते, त्याच्या वाट्याचं दूध विकलं जातं आणि ते बऱ्याचदा उपासमारीने मरतं किंवा कत्तलखान्यात जातं. अंड्यांच्या जातीची नर पिल्लं उबवणी केंद्रातच मारली जातात. पिंजऱ्यातल्या कोंबडीला ए-फोर कागदाएवढीही जागा मिळत नाही आणि ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आत कापला जातो. हे वाचून माणूस थांबून विचार करतो. हिरव्या ठिपक्याचं पाकीट घेतलं म्हणजे हिंसा टळली असं मानणाऱ्या दुधातुपातल्या शाकाहाराला यातला पहिला मुद्दा थेट लागू आहे. इतका भक्कम मुद्दा हाताशी असताना खोट्या दाव्यांची गरजच काय? बी-१२ चं खोटं उघडं पडलं की वाचणारा रेडकाचं खरंही सोडून देतो.

शेवटची ओळ मांसाहारी शेजाऱ्यांना 'हिंसक वृत्तीचे' म्हणते. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा आणि नवी मुंबईत बेलापूरचं दिवाळे गाव ही कोळ्यांची वस्ती टॉवर येण्याच्या कितीतरी आधीपासून या भागात आहे. आगरी-कोळी घरांत माळ घातलेली माणसं असतात आणि त्याच घरात म्हावरंही शिजतं, कुणी कुणाला घराबाहेर काढत नाही. मासे खाणाऱ्याला भाड्याने फ्लॅट नाकारणाऱ्या सोसायट्या हीच भाषा वापरतात. प्राण्यांवर दया करा म्हणणाऱ्याने ती उचलू नये.

मागवायचा असेल तर बिरडं, काळे वाटाणे आणि सोयाखिम्याचे दिवस निवडावेत, नाचणीची भाकरी सांगून घ्यावी. शुक्रवारी घेतलाच तर सोबत घरची वाटीभर मटकीची उसळ किंवा मूठभर चणे-शेंगदाणे ठेवावेत. आणि चालकांना विनंती: पुढच्या छपाईत स्पिरुलिनाची ओळ काढून तिथे बी-१२ च्या गोळीची ओळ घाला, आणि त्याखाली त्या दिवसाच्या डब्यात किती ग्रॅम प्रथिनं आहेत तो आकडा द्या.