मराठीतला दाखला दाखवून १,१८,५०० रुपये नेले

सेकंड पीयूची, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीची, पूर्वपरीक्षा जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीत 'अ‍ॅडमिशन गायडन्स'चे बॅनर लागतात. त्यातल्या एका माणसाने आमच्या घरचे १,१८,५०० रुपये नेले आणि माझ्या बहिणीचं वर्षही नेलं. आधी पैशाचा हिशेब सांगतो, कारण तो सगळ्यांकडून असाच तुकड्या-तुकड्यांनी घेतो. नोंदणीचे ३,५००. 'दाखले काढायचे' १४,०००. पुण्यातल्या कॉलेजात 'सीट धरून ठेवायचे' ७५,०००, तेही रोख. शेवटी 'प्रोसेसिंग'चे २६,०००. पंचाहत्तर हजारांसाठी आईच्या पाटल्या सोसायटीत तारण ठेवल्या, त्या अजून तिथेच आहेत.

आता लोक म्हणतात, शिकलेली माणसं फसतात कशी? मी उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम करतो. ड्रॉइंग नीट वाचल्याशिवाय जॉबला हात लावत नाही. त्याचं सगळंच बोलणं खोटं असतं तर मी पहिल्या दिवशीच उठून आलो असतो. पण मूळ गोष्ट खरी होती. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, तिथल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना इंजिनिअरिंग प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार म्हणून धरतात. फॉर्ममध्ये त्याला टाइप ई म्हणतात. एमएचटी-सीईटी द्यावी लागते, गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला जोडावा लागतो. बहिणीच्या पीयू कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं, तिथे फक्त केसीईटीचं, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचं, बोलतात. टिळकवाडीतल्या एका मंगल कार्यालयात, भरलेल्या हॉलमध्ये हा माणूस सांगत होता, "आपल्या पोरांचा हक्क हाय की ओ, आपल्यालाच म्हाईत नसतंय." त्यावर कोण संशय घेईल?

ओळखायची वेळ आली ती दाखला हातात पडला तेव्हा. तो क्षण डोक्यातून जात नाही. जाडसर पिवळट कागद, जांभळ्या शाईचा गोल शिक्का, खाली 'तहसीलदार' आणि वरचा सगळा मजकूर स्वच्छ मराठीत. मराठीत! खानापूर तालुक्यात राहतो आम्ही. शेताचा उतारा कन्नडमध्ये, रेशन कार्ड कन्नडमध्ये. नाव बरोबर लिहिलंय का, हे बघायलाही बाबा दुसऱ्याला विचारतात. मराठीत कागदपत्रं द्या म्हणून आपली माणसं मोर्चे काढून दमली, आणि इथे आठवड्यात मराठी दाखला घरपोच? शिवाय नाडकचेरीच्या, म्हणजे इथल्या महसूल कचेरीच्या, दाखल्यावर आरडी नंबर असतो, तो ऑनलाइन टाकून बघता येतो. ह्या कागदावर तो नव्हताच. गावासमोर तालुकासुद्धा बेळगाव लिहिला होता.

बाबांनी तो कागद वाचला, मग आईला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या भाषेतला सरकारी कागद हातात आलेला माणूस नंबर शोधत बसत नाही. त्या हरामखोराला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने कन्नडमधला खोटा कागद केला नाही.

लॉगिन त्याने पहिल्याच आठवड्यात घेतलं होतं. "फॉर्म आमी भरताव, पोरीला अभ्यास करू दे," म्हणून फोनवर ओटीपी मागितला, आणि अर्जात मोबाइल नंबर व ईमेल स्वतःचे टाकले. ओटीपी म्हणजे घराची किल्ली, हे बँकेच्या बाबतीत सगळ्यांना कळतं. प्रवेशाच्या अर्जाचंही तसंच आहे. ओटीपी मुलानेच टाकायचा, नंबर घरचाच द्यायचा.

बहिणीने कोल्हापूरला जाऊन सीईटी दिली, मार्क चांगले पडले. अर्जाच्या छाननीत दाखला नाकारला गेला, पण कळवणं गेलं त्याच्या ईमेलवर. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकत घ्यायला मुदत असते, ती तशीच संपली. अंतिम यादीत तिचं नाव होतं, पण महाराष्ट्राबाहेरची उमेदवार म्हणून. राज्याच्या जागांचा रस्ता तिथे बंद झाला. यादी लागली की त्याच दिवशी आपल्या नावापुढचा उमेदवारीचा प्रकार वाचा, नुसता क्रमांक बघून खूश होऊ नका.

आणि ज्याचा राग मला सर्वांत जास्त आहे ते पुढेच. केसीईटीतही तिला बरी रँक होती. हा म्हणाला, तिकडे ऑप्शन एन्ट्री (कॉलेजांची पसंती भरणं) करू नका, दोन राज्यांत नाव आलं की दोन्हीकडचं रद्द होतं. धडधडीत खोटं! दोन्हीकडे अर्ज करायला, दोन्हीकडे पर्याय भरायला कुणाची बंदी नाही. प्रवेश शेवटी एका ठिकाणी घ्यायचा एवढंच. कॉमेड-केचा, म्हणजे कर्नाटकातल्या खासगी कॉलेजांच्या परीक्षेचा, फॉर्मही त्याने असाच भरू दिला नाही. दुसरे सगळे दरवाजे लावायला सांगणारा माणूस दिसला की तिथूनच परत फिरा. हुशार पोरगी आज मनाविरुद्ध बी.एस्सी.ला बसते. बीएस्सी वाईट नाही, पण ते तिने निवडलेलं नाही.

तक्रारीचं ऐका. इकडच्या ठाण्यात म्हणाले, कॉलेज पुण्यात, सीट पुण्यातली, तिकडे जा. तिकडे गेलो तर, पैसे बेळगावात दिले, तुम्ही कर्नाटकातले, तिकडेच जा. ह्या सीमेवर आम्ही जन्मापासून हेच ऐकतोय! इकडे परत आलो तर अर्ज कन्नडमध्ये हवा म्हणाले. बाहेर बसलेल्या माणसाला २०० रुपये देऊन लिहून घेतला. मग साहेब म्हणतो, सीटसाठी रोख पैसे देणं हाच गुन्हा, आणि बोगस दाखला तर तुमच्याच मुलीच्या अर्जाला आहे, केस कुणावर घालू सांगा? आई तिथेच रडायला लागली. बँकेत गेलो तर आधी एफआयआर आणा, ठाण्यात गेलो तर आधी बँकेचं पत्र आणा. फसवणाऱ्याचं नाव, फोटो, खात्याचा नंबर सगळं आमच्या हातात असताना चोर असल्यासारखे आम्हीच बाकावर बसलो होतो.

म्हणून हे पाठ करून जा: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे कारण चालत नाही. कलमाचा कागद छापून नेल्यावरच आमचा अर्ज घेतला. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. आमचे शेवटचे २६,००० एका परक्याच बाईच्या नावाच्या खात्यात गेले होते; आम्हाला कळेपर्यंत खातं रिकामं. पैसे पाठवताना स्क्रीनवर दिसणारं नाव आणि समोरच्याचं नाव जुळत नसेल तर बटण दाबू नका. रोख तर कुणालाच नको. कॉलेजची फी कॉलेजच्या खात्यात जाते, मधल्या माणसाच्या पिशवीत नाही. आणि सीईटीच्या प्रवेशात सुविधा केंद्रावर कागद तपासून देतात, त्यासाठी एजंटला १४,००० कशाला?

गेल्या महिन्यात कळलं की तोच माणूस चंदगडकडे वेगळ्या नावाने सभा घेतोय. निळी पावतीपुस्तकं, वर मशालीचं चित्र, पावतीवर पत्ता नाही. ती पावती किंवा तसला मराठी दाखला कुणाकडे असेल तर लाजेने फाडून टाकू नका. खानापूर आणि बेळगावातली फसलेली आणखी काही घरं आम्हाला भेटली आहेत, सगळ्यांचा मिळून एकच अर्ज पोलीस आयुक्तांकडे द्यायचा आहे. दाखल्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज जपून ठेवा, फोन बदलताना पुसले जाऊ देऊ नका.