पोएट्री आउट लाउड : चालीवाचून म्हटलेली कविता

अमेरिकेतील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला 'पोएट्री आउट लाउड' हा काव्यवाचनाचा उपक्रम 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' ही तेथील सरकारी कलासंस्था आणि 'पोएट्री फाउंडेशन' ही कवितेसाठी काम करणारी संस्था यांनी २००५-०६ या शालेय वर्षात देशभर नेला. त्याचा प्रत्यक्ष कारभार राज्याराज्यांच्या कलासंस्था पाहतात. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, हे काम तेथील आर्ट्स कौन्सिलकडे आहे. विद्यार्थी वर्गातून शाळेच्या, तेथून राज्याच्या आणि शेवटी राष्ट्रीय फेरीपर्यंत पोहोचतो. उपक्रमाच्या संकेतस्थळावरील काव्यसंग्रह सर्वांसाठी खुला आहे आणि स्पर्धेतील कविता त्यातूनच निवडावी लागते. राज्यपातळीवर तीन कविता तोंडपाठ हव्यात. त्यांत एक पंचवीस ओळींपेक्षा मोठी नसावी आणि एक विसाव्या शतकापूर्वीची असावी.

या उपक्रमातील जी गोष्ट मला सर्वाधिक मोलाची वाटते, ती प्रथमदर्शनी कोणालाही खटकेल. वेशभूषा आणि रंगमंचीय साहित्य यांना मनाई आहेच, शिवाय कविता गाऊन म्हटल्यास किंवा पात्राचा आवाज काढल्यास गुण कमी होतात. ज्यांच्या कानावर कविता चालीतूनच आली, त्यांना हा नियम कोरडा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चाल ही श्वास कुठे घ्यायचा आणि कोणत्या शब्दावर थांबायचे हे आधीच ठरवून देते, आणि ती काढून घेतली की वाक्य ओळीच्या शेवटी संपते की पुढच्या ओळीत वाहत जाते, यती (ओळीतला विराम) कुठे पडतो, आवाज कोठे उतरवायचा, हे सारे निर्णय विद्यार्थ्याला अर्थ समजून स्वतः घ्यावे लागतात. जुन्या छंदोबद्ध कवितेत तर हे अधिकच कठीण असते, कारण यमकाचा ठेका जिभेला ओढून नेतो आणि अर्थ मागे राहतो. लय, पट्टी आणि मौन यांचे हे शिक्षण माझ्या मते संगीताचेच शिक्षण आहे. परीक्षक आवाज व उच्चार, देहबोली आणि कवितेची जाण यांचा स्वतंत्र विचार करतात, ही गुणदानाची पद्धतही त्याला पोषक आहे. शब्दांच्या अचूकतेसाठी वेगळा परीक्षक असतो. अडखळलेल्या मुलाला ओळ सुचवायला प्रॉम्प्टर असतो, ही दक्षता मला फार आवडली.

उणीव दिसते ती संगीताशी असलेल्या या नात्याच्याच बाबतीत. कवितेतून संगीताकडे किंवा चित्राकडे जाण्याची वाट स्पर्धेच्या चौकटीत नाही, त्यामुळे ती उघडणे सर्वस्वी शिक्षकाच्या उत्साहावर राहते. पाठांतरावर भर असल्याने स्वतः लिहिणाऱ्या मुलांनाही येथे वाव कमी आहे.

बक्षिसांतील दरी मला पटत नाही. राष्ट्रीय विजेत्याला २०,००० डॉलर मिळतात, तर राज्याच्या विजेत्याला २००. मात्र त्याच्या शाळेला काव्यग्रंथांसाठी मिळणारे ५०० डॉलर हा या योजनेतील सर्वांत शहाणा खर्च आहे.

हा उपक्रम वर्गात राबवू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी पहिले काही तास गुणपत्रिका बाजूला ठेवावी, संगीतशिक्षकालाही बोलवावे, एकच कविता आधी सर्वांनी मिळून चालीत म्हणावी, मग चाल सोडून प्रत्येकाने एकेकट्याने म्हणावी आणि कोण कुठे थांबला, का थांबला, एवढ्यावरच चर्चा करावी.