पहिलं बिल अडकणारच: शिरोलीतलं कारखान्याचं काम की सरकारी काम?

कोल्हापुरात नव्यानं ठेकेदारी सुरू करणाऱ्याला दोन वाटा दिसतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (धातू ओतण्याच्या कारखान्यात) मेंटेनन्सचा ठेका, नाहीतर गटारी-रस्त्यांची सरकारी कामं.

कारखान्याचं गणित सोपं. महिनाअखेर बिल, मग ठरलेली मुदत, समजा 45 दिवस. म्हणजे पहिला पैसा हातात येईपर्यंत अडीच महिन्यांचे पगार आपल्याच खिशातून. पण इथं कायदा बाजूनं आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून मुदत चुकवणाऱ्या कंपनीला आपल्या बिलाचा खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच त्याची वजावट मिळते. अकाउंट्सवाल्या साहेबांना हे शांतपणे सांगितलं की फाइल हलते. भांडायचं नाही, पुढचं कामही त्यांच्याकडूनच घ्यायचं असतं.

सरकारी कामात पैसा सहसा बुडत नाही, पण एमबीवर (कामाच्या मोजमाप वहीत) मोजमाप चढेपर्यंत आणि निधी येईपर्यंत थांबायचं. सुरक्षा अनामत कापली जाते, टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर) वेगळा. सिमेंटवाला उधारी देईल. कामगार नाही देणार, आणि का द्यावी?

माझं मत: गाठीला तीन महिन्यांचे पगार नसतील तर आधी कारखानाच. घरातलं सोनं तारण ठेवून टेंडर भरू नका, त्यापेक्षा बँकेत सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तेव्हा उचलायची कर्जमर्यादा) मंजूर करून ठेवा.